हल्ल्यानंतरचे पहिले तीन दिवस: गल्ली, ग्रुप आणि कारखाना कसा सांभाळायचा

दहशतवादी हल्ल्याची बातमी आली की राग येतो, आणि तो यायलाच हवा. निरपराध माणसं मारली गेलेली असतात. हे लिखाण तो राग विझवण्यासाठी नाही. गोळी झाडणाऱ्यावरचा राग सरकत सरकत सोलापुरातल्या विजापूर वेशीतल्या फळवाल्यावर, नई जिंदगीतल्या रिक्षावाल्यावर किंवा आपल्याच शेडमधल्या कामगारावर कसा येऊन पडतो आणि मध्ये कुठे अडवता येतो, तेवढंच इथे सांगायचं आहे. ग्रुप अ‍ॅडमिन, सोसायटीचे सेक्रेटरी, मंडळाचे कार्यकर्ते, कारखानदार, शिक्षक आणि मोहल्ल्यातली जाणती मंडळी या सगळ्यांना यातलं काही ना काही कामाला येईल.

सोलापूरला हे दूरचं वाटू नये. ऑक्टोबर २००२ मध्ये जेरी फॉलवेल नावाचे अमेरिकन धर्मोपदेशक तिकडच्या टीव्हीवर प्रेषित मुहम्मदांबद्दल वाईट बोलले. त्यावरून आपल्या शहरात बंद पुकारला गेला, बंदातून दंगल उसळली आणि माणसं मेली. बोलणारा सातासमुद्रापार होता, मेलेली माणसं इथली होती. पुढे १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. त्यातले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून फिरत होती, बस. म्हणजे दुरून आलेल्या शब्दाने इथे काय होतं आणि इथल्या माणसांचं दूर काय होतं, हे दोन्ही सोलापूर जिल्ह्याने पाहिलेलं आहे.

पहिले दोन तास: कागदावर चार रकाने

बातमी कळताच एक कागद घ्या आणि चार रकाने आखा. कुठे, केव्हा, किती जण गेले, आणि हे कोणी सांगितलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे ‘सूत्रांकडून कळतं’ असं लिहायची वेळ आली तर ती ओळ खोडा. पोलीस, जिल्हा प्रशासन, गृह मंत्रालय, एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) किंवा रुग्णालय यांच्यापैकी कोणीतरी नाव लावून सांगितलं असेल तेवढंच धरा. मृतांचा आकडा पहिल्या दिवशी बदलत राहतो. जखमींपैकी काही दगावतात, काही नावं दोनदा मोजलेली असतात. त्यामुळे आकडा बदलला म्हणजे ‘सरकार लपवतंय’ असा अर्थ लगेच काढू नका.

हल्लेखोर कोण, हा रकाना मुद्दामच ठेवलेला नाही. पहिल्या दोन तासांत ते सहसा कोणालाच पक्कं माहीत नसतं, आणि अफवा नेमकी तीच रिकामी जागा भरते.

टीव्ही सलग चालू ठेवू नका. पंधरा सेकंदांची तीच चित्रफीत दोन तास पाहिली की नवीन माहिती काहीच मिळत नाही, फक्त अंग तापतं. दर तासाला दहा मिनिटं बघा आणि बंद करा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतील तर हे आधी करा.

फॉरवर्ड कसा वाचायचा

असा मजकूर प्रत्येक हल्ल्यानंतर येतो, फक्त गावाचं नाव बदलतं:

‘सावधान सोलापूरकर! आत्ताच माझ्या मित्राच्या साडूने पोलीस खात्यातून कळवलं. हल्ल्याची बातमी आल्यावर त्यांच्या वस्तीत फटाके वाजले, पेढे वाटले. टीव्हीवाले दाखवणार नाहीत. रक्तात दम असेल तर दहा ग्रुपवर टाका.’

एकेक शब्द सुटा करून पाहा. ‘आत्ताच’ म्हणजे कधी? हा मजकूर तीन वर्षांपूर्वीचा असला तरी ‘आत्ताच’ कायम ताजाच राहतो. ‘मित्राचा साडू’ याला फोन लावता येत नाही. ‘त्यांच्या वस्तीत’ यात गल्लीचं नाव नाही. नाव असतं तर कोणीतरी जाऊन विचारलं असतं, म्हणून ते नाही. ‘टीव्हीवाले दाखवणार नाहीत’ ही ओळ सगळ्यात हुशारीची. खात्री करायचा रस्ता ती आधीच बंद करून टाकते. शेवटची ओळ तुमच्या मर्दानगीला हात घालते, म्हणजे न पाठवणारा भेकड ठरतो. आणि फटाक्यांचं म्हणाल तर लग्नसराईत या शहरात रोज रात्री कुठे ना कुठे वरातीपुढे फटाके वाजतातच.

यावर तीनच प्रश्न विचारायचे: कुठली गल्ली? किती वाजता? डोळ्यांनी कोणी पाहिलं? तिन्हीची उत्तरं मिळाली तर ती माहिती पोलिसांना द्या. न मिळाल्यास मजकूर तिथेच थांबवा. मेसेजवर दुहेरी बाण दिसत असेल तर तो निदान पाच जणांच्या साखळीतून फिरून आलेला आहे, म्हणजे पाठवणाऱ्यानेही काही पाहिलेलं नाही.

व्हिडिओला जरा जास्त वेळ द्यावा लागतो, तरी दहा मिनिटांत काम होतं. आधी त्याच्यावर लिहिलेली ओळ अंगठ्याने झाका आणि आवाज बंद करून एकदा बघा. मग सुरुवात, मध्य आणि शेवट अशा तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि ते गूगल लेन्समध्ये टाका. सगळ्यात जुना निकाल कुठल्या तारखेचा आहे ते बघा, कारण बनावट व्हिडिओ बहुतेक वेळा नव्याने बनवलेला नसतो, जुनाच नव्या मथळ्याने फिरतो. नंतर दुकानांच्या पाट्या वाचा. पाट्या कुठल्या लिपीत आहेत? गाड्यांचे नंबर एमएच १३ चे आहेत का, की दुसऱ्याच राज्याचे? उन्हाळ्यातली घटना सांगतात आणि लोकांच्या अंगात स्वेटर दिसतात का? पीआयबी फॅक्ट चेक, फॅक्ट क्रेसेंडो मराठी, न्यूजचेकर मराठी या बातम्यांची खातरजमा करणाऱ्या ठिकाणीही एकदा पाहा. मोठ्या अफवांचा छडा अनेकदा त्याच दिवशी लागलेला असतो.

आवाजाचं वेगळं सांगायला हवं. १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांच्या चालकाला जमावाने मारलं. त्या व्हिडिओत ‘मार शोएब मार’ असं ऐकू येतं, असा मथळा लावून तो देशभर फिरला. मथळा वाचून ऐकलं की खरंच ‘शोएब’ ऐकू येतं. मथळा झाकून, हेडफोन लावून, आवाज सावकाश करून ऐकलं की कळतं, कोणीतरी ओरडतो आहे ‘ओय बस, ओय बस’. म्हणजे तो माणूस मारणाऱ्यांना थांबवत होता. सहा दिवसांनी तेव्हाच्या गृहमंत्र्यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादी जाहीर केली, त्यात एकही मुस्लिम नव्हता. डोळ्यांनी आधी वाचलं तेच कानाला ऐकू येतं. म्हणून आवाजाचा व्हिडिओ नेहमी मथळ्याशिवाय ऐकायचा, आणि ज्याने मथळा वाचलेला नाही अशा दुसऱ्या माणसालाही ऐकवायचा.

चित्राचंही तसंच. जून २०२३ मध्ये ओडिशात बालासोरला रेल्वेचा भीषण अपघात झाला तेव्हा रुळांशेजारच्या पांढऱ्या इमारतीवर बाण काढून ‘बघा, शेजारी मशीद’ असं फिरवलं गेलं. ते इस्कॉनचं मंदिर होतं. एप्रिल २०२५ मध्ये काश्मीरमधल्या पहलगामच्या हल्ल्यात गेलेल्या नौदल अधिकाऱ्याचा शेवटचा व्हिडिओ म्हणून एका नाचणाऱ्या जोडप्याचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. ते जोडपं दुसरंच होतं आणि जिवंत होतं. हा व्हिडिओ कोणाविरुद्ध नव्हता, निव्वळ हळहळीतून फिरला. पण चांगल्या मनाने पाठवलेली खोटी गोष्टही खोटीच असते.

झेंड्याची गफलत आपल्याकडे फार होते. पाकिस्तानच्या झेंड्यात काठीच्या बाजूला उभा पांढरा पट्टा असतो आणि उरलेल्या हिरव्या भागात चंद्र-तारा. दर्ग्यावर, उरुसात, ईद-ए-मिलादच्या मिरवणुकीत लागणारा हिरवा झेंडा पूर्ण हिरवा असतो, त्यावर चंद्र-तारा किंवा मजकूर असू शकतो, पण पांढरा पट्टा नसतो. फोटो मोठा करा, काठीची बाजू बघा, मग बोला.

घरच्या माणसाला उत्तर कसं द्यायचं

मजकूर पाठवणारा बहुतेक वेळा परका नसतो. मामा असतो, अण्णा असतो, बरोबर शिकलेला मित्र असतो. ग्रुपवर सगळ्यांसमोर ‘हे खोटं आहे’ म्हटलं की तो मजकुराऐवजी स्वतःची इज्जत वाचवायला लागतो, आणि मग वाद रात्री दोनपर्यंत चालतो. त्यापेक्षा फोन करा. फोन उचलला नाही तर त्यालाच वेगळा मेसेज टाका:

‘मामा, तुमचा व्हिडिओ बघितला. मन सुन्न झालंय. पण हा जुना निघाला, लिंक पाठवतोय. तुमच्या नावाने पुढे गेला तर उद्या तुम्हालाच त्रास होईल. काढून टाका ना.’

यात तीन गोष्टी आहेत: दुःखात सोबत, पुरावा आणि त्यांची काळजी. क्रम बदलू नका. पुरावा आधी टाकला की तो तोंडावर मारल्यासारखा वाटतो.

आता चूक कुठे होते ते सांगतो, कारण ती चांगल्या हेतूने होते. द्वेष थांबवायच्या नादात लोक खरी गोष्टच नाकारतात. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरन कुरणात २६ जण मारले गेले, त्यात महाराष्ट्रातले सहा होते. हल्लेखोरांनी धर्म विचारून पुरुषांना गोळ्या घातल्याचं वाचलेल्या कुटुंबीयांनी स्वतः सांगितलं. ‘असं काही झालंच नाही, दहशतीला धर्म नसतो’ असं उत्तर दिलंत तर ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याच्यावरच तुम्ही अविश्वास दाखवता, आणि पुढचं तुमचं कोणी ऐकत नाही. खरं ते कबूल करा: होय, धर्म विचारून मारलं, ही नीच गोष्ट आहे. मग पुढचं खरंही सांगा. त्याच कुरणात पर्यटकांना वाचवायला गेलेला स्थानिक मुस्लिम घोडेवालाही गोळी लागून मेला. आणि लग्नाला आठवडाही झालेला नसताना नवरा, म्हणजे तो नौदल अधिकारी, गमावलेल्या तरुण पत्नीने काही दिवसांनी सांगितलं की लोकांनी मुस्लिमांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नये, आम्हाला शांतता आणि न्याय हवा. त्यासाठी तिलाच शिव्या घातल्या गेल्या. जिच्या नावाने राग काढायचा तिनेच नको म्हटलं, तर हा राग नेमका कोणासाठी आहे, एवढा प्रश्न समोरच्याला विचारता येतो.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानाने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला नकार दिला. हे उदाहरण सांगायला हरकत नाही, पण जपून. ‘बघा, तेही आपल्यासारखेच’ असा दाखला प्रत्येक वेळी काढत राहिलो तर दाखला द्यावाच लागतो हे आपण मान्य केल्यासारखं होतं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल विणणाऱ्या माणसाने काश्मीरमधल्या खुनाचा खुलासा करण्याचं काहीच कारण नाही.

शब्दांची एक सवय लावून घ्या. संघटनेचं नाव माहीत असेल तर नाव घ्या: लष्कर-ए-तोयबा, जैश-ए-मोहम्मद. माहीत नसेल तर ‘हल्लेखोर’ म्हणा. ‘ते लोक’, ‘त्यांची वस्ती’, ‘मिनी पाकिस्तान’ हे शब्द तोंडात आले की आरोप एका माणसावरून उठून लाख माणसांवर बसतो. सुरक्षेत कुठे ढिलाई झाली, गुप्तवार्ता कुठे कमी पडली, असे प्रश्न जरूर विचारा. तो नागरिकाचा हक्क आहे आणि रागाला तिथे खरंच काम मिळतं.

ग्रुप अ‍ॅडमिनने काय करायचं

बातमी आली की ग्रुप तात्पुरता ‘फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात’ या सेटिंगवर टाका. पहिल्या रात्रीपुरतं पुरतं. आठवडाभर बंद ठेवलात तर लोक दुसरा ग्रुप काढतात आणि तिथे तुम्ही नसता. बंद करताना कारण एका ओळीत लिहा: ‘खात्री नसलेले व्हिडिओ येत आहेत म्हणून सकाळी ८ पर्यंत ग्रुप बंद. तातडीचं काही असेल तर मला फोन करा.’

सकाळी उघडल्यावर कोणी भडकाऊ काही टाकलं तर आधी स्क्रीनशॉट काढा, त्यात नंबर, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसलं पाहिजे. मगच ‘सर्वांसाठी हटवा’ करा. उलट क्रमाने केलं तर पुरावा गेला. हटवल्यावर त्या सदस्याला खाजगीत कारण सांगा, दुसऱ्यांदा केलं तर काढा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, निव्वळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. म्हणून घाबरून ग्रुप सोडून पळू नका. जाणता अ‍ॅडमिन निघून गेला की चावी भडकूंच्या हातात जाते.

निषेध करण्यासाठीसुद्धा तो मजकूर पुढे पाठवू नका. ‘बघा किती वाईट लिहिलंय’ म्हणून पाठवलेला मजकूरही तितकाच फिरतो. आणि स्टेटसवर विसंबू नका. स्टेटस चोवीस तासांत जातं, त्याचा स्क्रीनशॉट जात नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते काही पोरांच्या स्टेटसवरून.

कारखाना, दुकान आणि बहिष्काराच्या याद्या

सोलापुरात मालक तेलुगू बोलणारा, जॉबर कन्नड, कामगार उर्दू आणि हिशेबनीस मराठी, असं एकाच शेडमध्ये सापडतं. भांडण पेटायचं तर इथे पेटू शकतं आणि थांबायचं तरी इथेच.

पाळी बदलते ती दहा मिनिटं सगळ्यात नाजूक. जाणारे आणि येणारे फाटकाशी एकत्र येतात, मोबाइल बाहेर निघतात, माग बंद असल्यामुळे बोलणं ऐकू येतं. मालकाने किंवा मॅनेजरने दोन-तीन दिवस त्या वेळी स्वतः फाटकावर उभं राहावं. भाषण नको. ‘झालं ते फार वाईट झालं. इथे कोणी कोणाला त्याबद्दल टोमणा मारायचा नाही, मारला तर माझ्याकडे यायचं’ एवढं बास. शेडमधला टीव्ही आणि मोठ्या आवाजातलं मोबाइल चॅनल बंद ठेवा. जोड्या बदलू नका. ज्या दोघांचे माग शेजारी आहेत ते तसेच राहू द्या. सुरक्षेच्या नावाखाली मुस्लिम कामगारांना वेगळ्या पाळीत टाकलं की ‘मालकालाही संशय आहे’ हाच निरोप जातो. पगार नेहमीच्या वारी, नेहमीच्या वेळेलाच करा. तो एक दिवस जरी पुढे गेला तरी त्या आठवड्यात त्याचा अर्थ वेगळा लागतो. ‘काय पाकिस्तानी’ ही हाक गंमत म्हणून मारली जाते. पहिल्यांदा ऐकलीत तेव्हाच थांबवा.

दुकानांची नावं असलेली ‘यांच्याकडून घेऊ नका’ यादी आली तर स्क्रीनशॉट ठेवा आणि ज्याचं दुकान आहे त्याला कळवा, त्याला माहीतही नसतं. मग नेहमीप्रमाणे त्याच्याकडे जा. आंबे, मटण, गाडीचं पंक्चर, जे नेहमी घेता किंवा करून घेता तेच. फोटो काढून ‘मी घेतलं’ असं टाकू नका. त्याला गिऱ्हाईक हवं आहे, सत्कार नको. पोलिसांकडे तक्रार देताना ‘सामाजिक बहिष्कार कायदा लावा’ असं लिहायची चूक अनेक जण करतात. महाराष्ट्राचा तो २०१६ चा कायदा जातपंचायतीसारख्यांनी आपल्याच समाजातल्या माणसावर टाकलेल्या बहिष्कारासाठी आहे. इथे लागतात ती कलमं पुढे दिली आहेत.

श्रद्धांजली सभा

सभा जरूर घ्या. दुःखाला जागा मिळाली नाही की ते चौकात आरडाओरडा करत फिरतं. हद्दीच्या पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी अर्ज द्या, पोच घ्या, शहरात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते तिथेच विचारा. वेळ तीस मिनिटं. आधी मृतांची नावं वाचायची, मग दोन मिनिटं स्तब्धता, दोन वक्ते प्रत्येकी तीन मिनिटं, राष्ट्रगीत, आणि पांगायचं. घोषणा कोणत्या ते आधी कागदावर ठरवा आणि माइक एकाच माणसाच्या हातात ठेवा. सभा बिघडते ती जवळजवळ नेहमी शेवटी, राष्ट्रगीतानंतर ‘दोन शब्द’ बोलायला कोणीतरी माइक मागतो तेव्हा. म्हणून राष्ट्रगीत संपताच माइकची वायर काढा.

मुस्लिम बांधवांना बोलवाल तर निषेध करण्याचं खास काम त्यांच्याकडे देऊ नका. नावं वाचायचं काम द्या, जे कोणालाही दिलं असतं. मूक मोर्चा असेल तर शुक्रवारी दुपारी एक ते अडीच मशिदीवरून मार्ग नको. इतर वेळी प्रार्थनास्थळासमोर थांबायचं नाही, चालत राहायचं.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी सभा घेत असाल तर मुलांना चारही नावं सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात इंग्रजांनी चौघांना एकाच दिवशी फाशी दिलं.

पोलिसांकडे कधी आणि कसं जायचं

जमाव जमतोय, दगड गोळा होताहेत, कोणाला घेरलंय असं दिसलं तर अर्ज-बिर्ज नंतर. आधी ११२. चौक, जवळची खूण आणि अंदाजे माणसं सांगा.

मजकुराबद्दल तक्रार असेल तर लेखी द्या, दोन प्रतींत, एका प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. अर्जात ‘धार्मिक भावना दुखावल्या’ एवढंच लिहू नका. नेमके शब्द जसेच्या तसे लिहा, कोणत्या नंबरवरून, कोणत्या ग्रुपवर, किती वाजता ते लिहा. भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ धर्मावरून गटागटांत शत्रुत्व वाढवण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एखाद्या धर्माचे लोक संविधानाशी एकनिष्ठ राहूच शकत नाहीत किंवा त्यांना नागरिकाचे हक्क नकोत, असं म्हणणं कलम १९७ मध्ये येतं. वैर पसरवणाऱ्या खोट्या बातमीसाठी ३५३ (२) बघा. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ ला सगळ्या राज्यांना सांगितलं आहे की द्वेषयुक्त भाषणावर, बोलणारा कोणत्याही धर्माचा असो, तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा. अर्जात या आदेशाची तारीख घाला.

तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस आधी चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करू शकतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी एफआयआर झाला नाही म्हणून लगेच आरडाओरडा नको, चौदाव्या दिवशी मात्र विचारायला जा. हद्द दुसरी असली तरी तक्रार घ्यावीच लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) प्रमाणे वरिष्ठांना रजिस्टर पोस्टाने लिहा, शहरात उपायुक्त, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षक. त्यानंतर न्यायदंडाधिकारी. अशा खटल्याला न्यायालयात उभं राहण्यासाठी सरकारची मंजुरी लागते, पण ती गुन्हा नोंदवण्यासाठी लागत नाही. ठाण्यात कोणी दोन्हींची गल्लत केली तर शांतपणे हा फरक सांगा.

पुराव्याचा मोबाइल फॉरमॅट करू नका, मूळ चॅट काढू नका. स्क्रीनशॉट न्यायालयात चालवायचा तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलची ओळख ठरवणारा सांकेतिक क्रमांक, त्यात लिहायची. फाइल एकदा एडिट केली, साधा लाल गोल जरी काढला तरी हॅश बदलते. म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा आणि गोल काढायचाच तर प्रतीवर काढा.

मुस्लिम कुटुंबांसाठी, आणि शाळेसाठी

कोणी रस्त्यात अडवून ‘अमुक घोषणा दे, व्हिडिओ काढतो’ म्हणाला तर वाद घालू नका, गर्दीच्या दिशेने, दुकानात शिरा आणि ११२ लावा. रात्री आलेल्या शिवीगाळीला रात्री उत्तर देऊ नका, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. ठाण्यात एकटे जाऊ नका, दोघं-तिघं जा आणि त्यात जमलं तर शेजारचा हिंदू साक्षीदार असू द्या. घरातल्या तरुण पोरांचे स्टेटस त्या तीन दिवसांत बघत चला. रागाच्या भरात टाकलेली एक ओळ वर्षभर तारखा करायला लावते. आणि कोणी खरोखरच हल्ल्याचं कौतुक केलेलं दिसलं तर झाकू नका. त्या एका माणसाची, त्याच्या नावाने तक्रार करा. झाकलं तर ते सगळ्या मोहल्ल्याच्या अंगावर येतं.

शिक्षकांनी वर्गात चर्चा घ्यावी की नाही हे मुलांच्या वयावर आहे. सातवीपर्यंत नको. वरच्या वर्गांत वीस मिनिटं पुरतात. फक्त कुठल्याही मुस्लिम मुलाला ‘तुला काय वाटतं’ असं आधी विचारू नका. तो प्रश्न साधा वाटतो, पण अख्खा वर्ग त्याच्याकडे वळून बघतो. टोमणा मारणाऱ्या मुलाला वर्गासमोर ओरडण्यापेक्षा त्याच्या पालकांना बोलवा, कारण ते वाक्य बहुतेक वेळा घरच्या जेवणाच्या ताटावर ऐकलेलं असतं.

अटकेची बातमी आल्यावर

तीन दिवस निभावले की लोक सैल होतात. दोन-तीन आठवड्यांनी ‘अमुक गावातून चौघांना उचललं’ अशी बातमी येते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. तेव्हा तीन शब्द काटेकोर वापरा. चौकशीला नेलेला संशयित असतो, आरोपपत्रात नाव आलेला आरोपी असतो, न्यायालयाने निकाल दिला तर दोषी असतो.

मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला स्फोट झाले. नऊ मुस्लिम पुरुषांना अटक झाली, त्यांचे फोटो छापून आले. त्यातला एक खटला चालू असतानाच वारला, उरलेल्या आठ जणांना एप्रिल २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केलं. मालेगावातच २९ सप्टेंबर २००८ ला झालेल्या स्फोटाच्या खटल्यात ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले, आणि त्यातले आरोपी हिंदू होते. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांत खालच्या न्यायालयाने दोषी धरलेल्या बाराही जणांना जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सोडलं. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितलं नाही. तिन्ही ठिकाणी माणसं खरंच मेली, आणि त्यांच्या घरच्यांना इतक्या वर्षांनीही खुनी कोण ते कळलेलं नाही.

म्हणून अटकेची बातमी ग्रुपवर टाकायचीच असेल तर आरोपीचा फोटो, गल्ली आणि घरच्यांची नावं काढून टाका. बातमीची तारीख लिहा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये त्या खटल्याच्या नावाने दर सहा महिन्यांची आठवण लावा, आणि निकाल येईल त्या दिवशी, तो काहीही असो, त्याच ग्रुपवर तोही टाका.